निळी ज्योत

(गॅसची शेगडी आज शहरात आणि खेड्यात बहुतेक घरी आहे. दुकानांत, खाणावळींत आणि रस्त्यावरच्या ठेल्यांवरही ती दिसते. ती रोज वापरली जाते, पण तिची निगा मात्र फार थोडे लोक राखतात. शेगडी स्वच्छ का ठेवावी, कशी ठेवावी आणि न ठेवल्यास काय घडते, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, तुम्ही कधी संध्याकाळच्या वेळी नागपूरच्या गांधीबागेत गेला आहात का? गांधीबाग ही कापडाची मोठी पेठ आहे. दुकानांत छतापर्यंत कापडाचे तागे रचलेले असतात. जवळच्या सेंट्रल एव्हेन्यूवरून वाहनांची रांग वाहत असते आणि त्याच रस्त्यावर, उंच खांबांवरून मेट्रो धावते. गांधीबागेला लागूनच मोमिनपुरा आहे. रमजानच्या महिन्यात इफ्तारनंतर मोमिनपुऱ्यात पाय ठेवायला जागा नसते. शेवया, फिरनी, फळे आणि कबाब यांचा वास लांबपर्यंत येतो.

अशाच एका रमजानमध्ये मी या भागात गेलो होतो. रस्त्याच्या कडेला कबाबाचे एक छोटे दुकान होते. पूर्वी तेथे कोळशाची शेगडी होती. आता तिच्या जागी गॅसवर चालणारी लांबट शेगडी आली होती. खाली गॅसच्या नळ्या, त्यांवर लोखंडी जाळी आणि जाळीवर कबाबाच्या सळया. दुकानाचे मालक वयस्कर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांचा पुतण्या मदतीला होता.

गिऱ्हाइकांची गर्दी वाढली. जाळी सळयांनी भरून गेली. इतक्यात शेगडीच्या खालून भक्कन जाळ उठला. तो जाळीच्याही वर आला. मागे कापडाची कनात होती. जाळ कनातीपासून हातभर अंतरावर होता. लोक मागे सरले. पुतण्याने घाबरून पाण्याची बादली उचलली.

“थांब बेटा! पाणी नको!” चाचा ओरडले.

त्यांनी आधी शेगडीचे कॉक बंद केले. मग वाकून सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. जाळीवर पत्र्याचे मोठे झाकण ठेवले आणि खालच्या ट्रेवर कोरडी वाळू टाकली. मिनिटभरात जाळ विझला. कोणाला इजा झाली नाही. चाचांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पुतण्याला एवढेच विचारले, “ट्रे कधी रिकामा केला होतास?”

पुतण्या खाली मान घालून म्हणाला, “तीन दिवस झाले, चाचा.”

तुम्ही विचाराल, पाणी का नको? आग तर पाण्यानेच विझते! लाकडाची किंवा कागदाची आग पाण्याने विझते, हे खरे आहे. पण त्या ट्रेमध्ये मांसातून गळलेली चरबी साठली होती. चरबी आणि तेल पाण्यापेक्षा हलके असतात. पेटलेल्या चरबीवर पाणी टाकले, तर पाणी तिच्या तळाशी जाते. तेथील उष्णतेने त्याची एकदम वाफ होते. ही वाफ जळती चरबी उडवून चोहीकडे फेकते. मग आग विझण्याऐवजी पसरते. बादलीभर पाण्याने त्या दिवशी कनात पेटली असती. पुढे अरुंद गल्ली, माणसांची गर्दी आणि कापडाने भरलेली दुकाने. काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

चरबीची किंवा तेलाची आग विझवायची असेल, तर तिची हवा तोडावी. आधी गॅस बंद करावा आणि वर झाकण ठेवावे. घरी कढईतले तेल पेटले, तरी हेच करावे. पेटलेली कढई हातात घेऊन धावू नये. आग आटोक्यात येत नसेल, तर सर्वांनी ताबडतोब बाहेर पडावे आणि अग्निशामक दलाला बोलवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम त्या दुकानात गेलो. रमजानमध्ये दिवसा दुकान बंद असते. सफाईसाठी हीच वेळ सोयीची. चाचा आणि त्यांचा पुतण्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसले होते. शेगडीचे सगळे भाग त्यांनी सुटे करून मांडले होते. “बसा,” चाचा म्हणाले, “आज याला शेगडी शिकवतो आहे.”

मीही शिकायला बसलो. तेथे मी जे शिकलो, तेच आता तुम्हांला सांगतो.

प्रथम गॅस म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन हे दोन वायू मुख्यत्वे असतात. दाब देऊन त्यांचे द्रवात रूपांतर केलेले असते. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस भरतात. दुकानांसाठी १९ किलोचा वेगळा सिलिंडर असतो आणि दुकानात तोच वापरावा लागतो. भारतात ‘इंडेन’ या नावाने गॅस १९६५ मध्ये प्रथम कोलकात्याच्या एका स्वयंपाकघरात पोहोचला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळे तो खेड्यापाड्यांतील गरीब घरांतही गेला. अनेक घरांत चुलीच्या जागी प्रथमच गॅस आला. चूल कशी सारवायची हे आजीला ठाऊक होते. गॅसची शेगडी कशी सांभाळायची, हे मात्र आपल्याला नव्याने शिकावे लागते.

गॅस एकटा जळत नाही. त्याला हवा लागते आणि तीही पुष्कळ लागते. एक भाग प्रोपेन पूर्ण जळण्यासाठी सुमारे २४ भाग हवा हवी. ब्यूटेनला तर सुमारे ३१ भाग हवा लागते. म्हणून शेगडीत गॅस आधी एका बारीक छिद्रातून जोराने बाहेर येतो. या छिद्राच्या भागाला जेट म्हणतात. बाहेर येताना गॅस आपल्याबरोबर आजूबाजूची हवा ओढून घेतो. पुढच्या नळीत गॅस आणि हवा एकत्र मिसळतात. मग हे मिश्रण बर्नरच्या छिद्रांतून बाहेर येऊन जळते.

तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत बुन्सेन बर्नर असेल. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रॉबर्ट बुन्सेन या शास्त्रज्ञाने १८५५ च्या सुमारास पीटर देसागा या कारागिराकडून तो तयार करवून घेतला. त्याच्या नळीला खाली हवेसाठी एक छिद्र असते. ते बंद केले, की ज्योत पिवळी होते. उघडले, की ती निळी होते. तुमच्या घरची शेगडी आणि चाचांची कबाबाची शेगडी याच तत्त्वावर चालतात.

आता ज्योतीच्या रंगाचा अर्थ तुमच्या लक्षात येईल. पुरेशी हवा मिळाली, म्हणजे गॅस पूर्ण जळतो. ज्योत निळी आणि स्थिर राहते. हवा कमी पडली, की गॅस अर्धवट जळतो. त्यातील कार्बनचे बारीक कण तापून पिवळे दिसतात. हेच कण भांड्याच्या बुडाला काजळी होऊन चिकटतात. याचा अर्थ, पैसे देऊन आणलेल्या गॅसचा काही भाग उष्णता न देताच काजळी बनून वाया जातो.

पण पैशांपेक्षाही मोठी गोष्ट पुढे आहे. अर्धवट जळणाऱ्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वासही नाही. तो श्वासाबरोबर शरीरात गेला, तर रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. डोके दुखते, चक्कर येते, मळमळते आणि माणूस बेशुद्ध पडतो. थंडीच्या दिवसांत खोलीची दारे-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, अशा बातम्या आपण वाचतो. त्यांचे कारण हाच वायू असतो. म्हणून कबाबाची शेगडी, मग ती कोळशाची असो वा गॅसची, बंद खोलीत कधीही पेटवू नये. स्वयंपाकघराची खिडकीही उघडी ठेवावी.

चाचा पुतण्याला म्हणाले, “कबाब जळला तर गिऱ्हाईक सांगेल. शेगडी बिघडली तर कोण सांगणार? ज्योत सांगते. पण ती बोलत नाही. तिच्याकडे पाहावे लागते.”

आता सफाईची कामे क्रमाने पाहू. एक गोष्ट आधी ध्यानात ठेवा. कोणतीही सफाई करण्यापूर्वी शेगडीचे कॉक आणि सिलिंडरचा रेग्युलेटर, दोन्ही बंद करावेत आणि शेगडी निवू द्यावी. तुम्ही लहान आहात, म्हणून घरातील मोठी माणसे जवळ असतानाच हे काम करावे.

पहिले काम ट्रेचे. जाळीखालचा ट्रे रोज रिकामा करावा. चरबी निवली, की ती घट्ट होते. ती पत्र्याच्या तुकड्याने खरवडून जुन्या कागदात बांधावी आणि कचऱ्यात टाकावी. मोरीत ओतू नये, कारण मोरीच्या नळीत ती गोठते आणि पाणी तुंबते. ट्रे रिकामा करायला दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांचा आळस किती महाग पडू शकतो, हे आपण पाहिलेच आहे.

दुसरे काम जाळीचे. जाळीवर मांसाचे कण आणि मसाला जळून बसतो. ट्रे रिकामा केल्यावर शेगडी पाच-दहा मिनिटे मोठ्या आचेवर चालू ठेवली, तर हे कण वाळून राख होतात. मग गॅस बंद करावा. जाळी कोमट झाली, की नारळाच्या काथ्याने किंवा जाड ब्रशने घासावी. तारेचा ब्रश वापरला, तर एक धोका असतो. त्याची एखादी तार तुटून जाळीला चिकटते आणि कबाबाबरोबर पोटात जाते. ती घशात किंवा आतड्यात टोचू शकते. म्हणून घासून झाल्यावर जाळी ओल्या फडक्याने नीट पुसावी आणि उजेडात धरून पाहावी.

जाळी फारच ओशट असेल, तर ती गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर भिजवावी. सोडा चरबी सैल करतो. हातांना त्रास होऊ नये म्हणून रबरी मोजे घालावेत. मात्र ॲल्युमिनियमचा भाग या सोड्यात टाकू नये, तो काळा पडून खराब होतो. त्याला साबणाचे कोमट पाणी पुरे. धुतलेली लोखंडी जाळी ओली ठेवू नये. ती कोरडी करून तिला खाण्याच्या तेलाचा पातळ हात द्यावा. मग ती गंजत नाही.

तिसरे काम बर्नरचे, आणि हेच सर्वांत महत्त्वाचे. बर्नरच्या छिद्रांत चरबी, मसाला किंवा उतू गेलेले दूध जाऊन बसते. काही छिद्रे बुजतात. मग ज्योत एका बाजूला मोठी, एका बाजूला लहान दिसते. आठवड्यातून एकदा बर्नर काढावा. छिद्रे सुईने किंवा बारीक तारेने मोकळी करावीत. पण जोर करून त्यांचा आकार वाढवू नये. आगकाडी किंवा लाकडाची काडी वापरू नये, ती मोडून आतच अडकते. बर्नर पितळेचा असेल, तर त्याला चिंच किंवा लिंबू लावून घासावे. आंबट पदार्थातील आम्लामुळे पितळेवरचा काळसर थर निघून जातो. मग बर्नर स्वच्छ पाण्याने धुऊन पूर्ण कोरडा करावा. आत पाणी राहिले, तर ज्योत फडफडते.

बर्नरच्या मागची नळीही पाहावी. शेगडी बरेच दिवस बंद राहिली, की या नळीत कोळी जाळे विणतो किंवा किडे घर करतात. कबाबाची शेगडी पुष्कळदा काही महिने नुसती पडून असते. अशी शेगडी पेटवली, की गॅसला पुढे जायला वाट मिळत नाही. तो मागच्या बाजूने बाहेर येतो आणि कॉकजवळच पेटतो. म्हणून बंद ठेवलेली शेगडी पुन्हा वापरण्यापूर्वी ही नळी लांब, मऊ ब्रशने साफ करावी. बर्नर परत बसवताना त्याची नळी जेटवर बरोबर बसली आहे ना, हे पाहावे. जेट मात्र आपण उघडू नये. सफाईनंतरही ज्योत पिवळीच राहिली, तर गॅस कंपनीच्या कारागिराला बोलवावे.

चौथे काम रबरी नळीचे. सिलिंडरपासून शेगडीपर्यंत जाणारी ही नळी म्हणजे शेगडीचा गळा. तिच्यावर आयएसआयची खूण असावी. ती चांगली दिसत असली, तरी तिच्यावर छापलेली मुदत संपली की बदलावी. ‘सुरक्षा’ नळी दर पाच वर्षांनी बदलतात. तिला भेगा पडल्या, ती कडक झाली किंवा उंदराने कुरतडली, तर मुदतीची वाट पाहू नये. नळी गरम भागाला टेकू देऊ नये. ती सुंदर दिसावी म्हणून तिच्यावर कापडी खोळ चढवू नये. खोळीखालची भेग कोणाला दिसणार?

नळीतून गॅस गळतो का, हे पाहण्याची सोपी रीत आहे. वाटीत साबणाचे पाणी घ्यावे. शेगडीचे कॉक बंद ठेवावेत आणि रेग्युलेटर उघडावा. सांध्यांवर आणि नळीवर फेस लावावा. बुडबुडे फुगू लागले, तर तेथे गळती आहे. लगेच रेग्युलेटर बंद करावा. काडी ओढून गळती शोधणे म्हणजे मृत्यूला बोलावणे होय.

पाचवे काम सिलिंडरचे. सिलिंडर नेहमी उभा ठेवावा, आडवा करू नये. गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली, तर तो वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो. म्हणून सिलिंडर तळघरात किंवा खड्ड्यात ठेवू नये. नागपूरचा उन्हाळा तुम्हांला माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात सिलिंडर उघड्यावर ठेवू नये, कारण उष्णतेने आतला दाब वाढतो.

नवा सिलिंडर आला, की त्याचे सील पाहावे. तोंडाशी असलेले रबरी वॉशर जागेवर आहे ना, तेही पाहावे. वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि एक आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. आकडा वर्षाचा असतो. त्या सिलिंडरची पुढची तपासणी केव्हा करायची, हे त्यावरून कळते. ती तारीख उलटून गेली असेल, तर सिलिंडर घेऊ नये.

गॅसला स्वतःचा वास नसतो, हे ऐकून तुम्हांला आश्चर्य वाटेल. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचा उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. तो वास म्हणजे एक हाक आहे. ती ऐकू आली, तर पुढील गोष्टी कराव्यात. रेग्युलेटर बंद करावा. दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण लावू नये आणि बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. देवघरातील समई असो, उदबत्ती असो किंवा लोबान असो, पेटलेले जे असेल ते विझवावे. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर न्यावे. बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. गॅसच्या गळतीसाठी हा क्रमांक देशभर चालतो.

आणखी एक सूचना कापडाच्या पेठेला शोभणारी आहे. गांधीबागेतील कोणताही दुकानदार तुम्हांला सांगेल, की नायलॉन आणि पॉलिस्टर आगीने वितळतात. वितळलेले कापड कातडीला चिकटते. सुती कापड जळते, पण असे वितळून चिकटत नाही. म्हणून शेगडीजवळ काम करताना सुती कपडे घालावेत. बाह्या दुमडाव्यात. ओढणी किंवा पदर मागे खोचावा.

बोलता बोलता चाचांनी सगळे भाग पुन्हा जोडले होते. पुतण्याने साबणाचा फेस लावून सांधे तपासले. एकही बुडबुडा आला नाही. मग चाचा म्हणाले, “आता तू पेटव.”

मुलाने आधी काडी ओढली, मग कॉक हळूच फिरवला. “असेच,” चाचा म्हणाले. “आधी काडी, मग कॉक. आधी कॉक फिरवशील, तर गॅस साठेल आणि भडका उडेल.”

लांब नळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या कळ्यांची रांग उमलली. सगळ्या कळ्या सारख्या होत्या. आवाज नाही, धूर नाही. पुतण्या त्यांच्याकडे पाहतच राहिला. काल संध्याकाळपासून उतरलेला त्याचा चेहरा आता खुलला.

चाचा मला म्हणाले, “काल मी त्याला रागावलो नाही. चूक माझीच होती. दुकान त्याला दिले, सळया दिल्या, मसाला दिला. ही सफाई मात्र कधी शिकवली नाही. मला वाटले, हे हलके काम आहे, आपोआप येईल.”

मुलांनो, चाचांचे हे शब्द मी विसरलो नाही. आपल्या घरांतही असेच घडते. शेगडीवर शिजलेले सर्व जण खातात, पण शेगडी पुसते ती आई किंवा मोठी बहीण. धुरात आणि वाफेत उभे राहण्याचे काम तिचे. गळती झाली, तर पहिला धोकाही तिलाच. घरातील मुलगे आणि वडील पुष्कळदा बर्नर हातातही घेत नाहीत. ज्या कामावर सगळ्यांचा जीव अवलंबून आहे, ते काम हलके कसे असेल?

म्हणून आज घरी गेल्यावर एक गोष्ट करा. आई शेगडी पेटवील, तेव्हा तिच्या शेजारी उभे राहा आणि ज्योतीकडे पाहा. ती निळी आहे की पिवळी? सगळीकडे सारखी आहे की कोठे तुटलेली? रबरी नळीवरची मुदत वाचा. ज्योत पिवळी असेल किंवा मुदत संपली असेल, तर वडिलांना सांगा. आणि सुटीच्या दिवशी बर्नर घासायला आईच्या आधी तुम्ही बसा.

शब्दार्थ

शेगडी – अंगीठी, चूल्हा
ज्योत – लौ
सळई – सीख
तागा – कापडाचे थान
काजळी – कालिख
छिद्र – सुराख
गळती – गॅस किंवा पाणी झिरपून बाहेर येणे
ओशट – चिकना, तेलकट
गंज – ज़ंग
काथ्या – नारळाच्या सालीचे तंतू
निगा राखणे – देखभाल करणे
आटोक्यात येणे – क़ाबूत येणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) गांधीबाग कशासाठी प्रसिद्ध आहे?
(२) चाचांच्या शेगडीतून जाळ का उठला?
(३) गॅसमध्ये मरकॅप्टन का मिसळतात?
(४) सिलिंडरवरील ‘सी’ हे अक्षर कोणते महिने दाखवते?

प्र. २. कारणे लिहा.
(१) पेटलेल्या तेलावर पाणी टाकू नये.
(२) रबरी नळीवर कापडी खोळ चढवू नये.
(३) गॅसचा वास आल्यावर विजेचे बटण बंदही करू नये.
(४) सिलिंडर तळघरात ठेवू नये.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) ज्योत निळी केव्हा असते आणि पिवळी केव्हा होते?
(२) “चूक माझीच होती,” असे चाचा का म्हणाले? तुम्हांला त्यांचे म्हणणे पटते का?

प्र. ४. नमुन्याप्रमाणे वाक्ये बदला.
नमुना : जाळी ओली ठेवू नका. – जाळी ओली ठेवू नये.
(१) चरबी मोरीत ओतू नका.
(२) सिलिंडर आडवा करू नका.
(३) बंद खोलीत शेगडी पेटवू नका.

उपक्रम : आपल्या घरची रबरी नळी कोणत्या वर्षी बदलायची आहे, ते पाहा. ‘गॅसचा वास आला तर’ या विषयावर मराठीत आणि उर्दूत एक तक्ता तयार करा आणि तो स्वयंपाकघरात लावा.